अकरापैकी नऊ उलटल्या

त्या वर्षी आई नातेवाइकांना सांगायची, की मुलगी सध्या डेटाचं काम करते. ते खोटं नव्हतं. फक्त तो डेटा डुकरांचा होता आणि निमोण्याला माझ्या आत्याच्या शेडमध्ये एका शंभर पानी वहीत होता, एवढं ती सांगत नसे.

मी दौंडची. शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेजही इंग्रजीतूनच. सणसवाडीच्या एका कंपनीच्या ऑफिसात सात-आठ महिने काढले, मग कंत्राट संपलं आणि मी घरी बसले. तेवढ्यात आत्याचा फोन आला. निमोणे ते दौंड हे अंतर आवाजानंच कापायचं असल्यासारखी ती फोनवर ओरडून बोलते.

"तुज्याकडं ती कंप्युटरची पेटी हाय ना? घिऊन ये. डॉक्टर म्हंत्यात, वहीतलं समदं टाइप करून पाठवा, मग बघतो. मला काय ते जमायचं न्हाई. चार दिस ऱ्हा."

चार दिवसांसाठी गेलेली मी पाच महिने राहिले.

आत्याकडे आधी गाई होत्या. दुधाचं काही जमेना, तेव्हा मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, गाई काढून डुकरं आणली. कंपन्यांमध्ये लांबून कामाला आलेली मुलं इकडे खोल्या करून राहतात, त्यांच्यामुळे गिऱ्हाईक होतं. गावाचं यावर बोलून झालं होतं. आता लोक फक्त वारा फिरला की बोलायचे. सोसायटीच्या प्रत्येक निवडणुकीला उभे राहणारे शेजारच्या मळ्यातले आप्पा बांधावरून जाताना उपरणं नाकाला लावून विचारायचे, "काय सूनबाई, अत्तर बदललं वाटतं?"

"व्हय आप्पा," आत्या आतून म्हणायची, "तुमच्यासाठी बाटली भरून ठिवलीय. जाताना घिऊन जावा."

मी पोचले तेव्हा मात्र घरात अबोला होता. आत्यानं पहिल्यांदाच बाहेरून माद्या विकत न आणता शेडमध्येच जन्मलेल्या अकरा जणी स्वतःच्या हातानं वाढवल्या होत्या. दिवाळीनंतर त्यांना नर दाखवला. नऊ जणींचं काही टिकलंच नाही. दोघी व्याल्या, तर एकीला तीन पिल्लं आणि दुसरीला चार. जुन्या माद्या त्याच नराकडून दहा-दहा, अकरा-अकरा पिल्लं देत होत्या. मामांचा हिशोब सरळ होता. नर चांगला, जुन्या चांगल्या, तेव्हा खोट नव्यांतच. त्यांनी पुन्हा नर दाखवूच दिला नाही. अकराही मटणाच्या गाडीत घालायच्या ठरल्या. गाडी सोमवारी येणार होती आणि डॉक्टरांना गुरुवारशिवाय वेळ नव्हता.

"तवर रेकॉर्ड तरी जाऊ दे डॉक्टरकडं," आत्या मला म्हणाली. "वांझ हायेत असं त्येनी सांगू दे. मग मी गप बसते."

वहीत एकेका मादीला एक पान होतं. वर कानातल्या बिल्ल्याचा नंबर, खाली तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे एक-दोन शब्द. अक्षर गोल, शिरोरेघा पट्टीनं मारलेल्या. सात नंबरच्या पानावर होतं: माजावर आली. फळवली. उलटली. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्याही पानावर तेच.

माज मला माहीत होता. आमच्या वर्गातल्या एका मुलीला फार होता. तेव्हा तिथे मी इंग्रजीत लिहिलं, आक्रमक झाली. फळवली म्हणजे फळं घातली असणार. शेडमागे पपईची झाडं होती आणि खाली पडलेली पपई सकाळी डुकरांना जायची, त्यामुळे मला शंका घ्यायचं कारणच नव्हतं. उलटली म्हणजे उलटी केली. सगळं नीट जुळत होतं. डुकरीण चिडते, तिला शांत करायला पपई देतात, महिन्याभरानं ती ओकते. महिनाभर पपई पोटात राहते कशी, हा प्रश्न पडला होता, पण मी तो विचारला नाही. मला न कळलेलं न विचारता सांभाळून न्यायची सवय आहे. शाळेत ती कामाला येते. ज्या दोघी व्याल्या होत्या त्यांच्या पानांवर "काळी ३", "काळी २" असं होतं. ते मी रंगाच्या रकान्यात भरलं.

एक रकाना माझ्या मनानं वाढवला. पपई आणि उलटी यांच्यामधले दिवस मोजले. कंपनीत आम्हाला प्रत्येक दोन तारखांमधलं अंतर काढायला लावायचे, तो हात गेला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी फाइल डॉक्टरांना पाठवली आणि आत्यानं केलेली गरम थालीपीठं खाल्ली. काम नीट केल्याचं समाधान वाटत होतं.

शनिवारी सकाळी सातला मामांचा फोन वाजला. डॉक्टरांचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू येत होता.

"एकही जनावर बाहेर काढायचं नाही. सोमवारची गाडी फिरवा, तिला शेडजवळ येऊच देऊ नका. दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊ नका. मी निघालोय."

"पण झालंय काय?" मामांनी विचारलं.

"ते आल्यावर सांगतो."

मामांनी गाडीवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मग आम्ही तिघं शेडच्या दारात डुकरांकडे बघत उभे राहिलो. डुकरं आमच्याकडे बघत होती. त्यांना पेंड हवी होती.

डॉक्टरांनी गाडी पार डांबरी रस्त्यावर उभी केली आणि तिथेच डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवला. गमबूट, मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा. अशा अवतारात त्यांना उसाच्या कडेनं चालत येताना आप्पांनी पाहिलं.

"पाव्हणं कोन म्हनायचं? कोरोना परत आला, का पार्टीचं तिकीट मिळालं?"

डॉक्टर तसेच शेडकडे चालत राहिले, तेव्हा आप्पा बांधावरच थांबले.

दारात औषधाच्या पाण्यात बूट बुडवून डॉक्टर आत आले आणि आत्याला म्हणाले, "वहिनी, उलटीत रक्त होतं का?"

"कसल्या उलटीत?"

"नऊ माद्यांना उलट्या झाल्यात ना?"

"कुनाच्या माद्यांना?"

"तुमच्या! सात नंबर, चार नंबर, दोन नंबर... सगळ्या तारखा दिल्यात तुम्ही."

"सात नंबरनं आजवर खाल्लेला दाना बाहेर टाकल्याला न्हाई डॉक्टर. आपल्याला लाज वाटंल इतकं खाती."

डॉक्टरांनी मोबाइल काढला, हातमोज्यानं स्क्रीन सरकेना म्हणून हातमोजा काढला. "हे बघा. आधी आक्रमक झाल्या. मग सगळ्यांना पपई, फळं. मग उलटी. पपई एवढी कशाला घालता?"

पपई म्हटल्यावर मामा गर्रकन आत्याकडे वळले. "गाभण्या जनावरांना पपई घातलीस? अगं, म्हनूनच गाभडल्या असतील की!"

"म्या कवा घातली? नंबर लावून कोन पपई घालतंय व्हय?" आत्याचा आवाज चढला. मग ती थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय लिव्हलंस गं तू?"

मी घरात जाऊन वही आणली. तेवढ्या वेळात दौंडची बस किती वाजता असते, हे आठवायचा प्रयत्न केला. सात नंबरचं पान उघडून त्या शब्दावर बोट ठेवलं.

"फळवली," आत्यानं वाचलं. "मग? ह्येचं तुला काय वाटलं?"

"फळं दिली."

"आन् उलटली?"

"उलटी केली."

मग पांढऱ्या सुटाच्या आतून कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा आवाज यायला लागला. डॉक्टरांचा चष्मा वाफेनं भरला. आत्या खाली बसली ती पेंडीच्या पोत्यावर, आणि पदर तोंडात धरून हसायला लागली. हसता हसता तिला बोलता येईना, म्हणून ती नुसतीच मला हातानं जवळ बोलावत होती.

"अगं माझे बाई! फळवली म्हंजी नराकडं नेली. उलटली म्हंजी गाभ ऱ्हायला न्हाई, परत माजावर आली. गाईचं तसंच म्हंत्यात की! आमच्याकडं गाई हुत्या, म्हनून डुकरांना बी त्योच शबुद."

"मग माज म्हणजे पण..."

"न्हाई, त्यो तुला वाटतो त्यो न्हाई."

मामांना अजून उमगलं नव्हतं. "मग पपई घातली कुनी?" ते विचारत होते.

"कुनीच न्हाई ओ! कुनीच घातली न्हाई!"

हसणं ओसरल्यावर मी म्हणाले, "माझी चूक आहे. मी विचारायला हवं होतं." एवढं बोलायलाही मला बरंच बळ लागलं, कारण डॉक्टर चष्मा पुसत होते आणि तोपर्यंत आप्पाही दारापर्यंत आले होते.

"म्या सांगायला पायजे हुतं," आत्या म्हणाली. "मला वाटलं, येवढी शिकल्याली पोरगी, तिला काय उलटली सांगायचं? वर माजं अक्षर बघून तू हसशील म्हनून वही दिली आन् पळाले मी."

त्या शिरोरेघा तिनं माझ्यासाठी पट्टीनं मारल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी मास्क काढला. त्यांना भीती कसली वाटली होती, ते त्यांनी सांगितलं. बाहेरून येणारा एक ताप असतो, त्यात डुकरं ओकतात आणि पटापट जातात, आणि तो निघाला तर सरकार आसपासची सगळी डुकरं मारायला लावतं. ऐकून मला पुन्हा दौंडची बस आठवली. आत्या मात्र म्हणाली, "बरं झालं की! नाय तर तुमी गुरवारी आला असता आन् तवर ह्या गेल्या असत्या."

डॉक्टर जायला निघाले होते, पण मोबाइल खिशात टाकता टाकता थांबले. "हे दिवसांचे आकडे कुणी काढले?"

"मी," मी म्हणाले.

"वहीत नव्हते?"

"नाही. मीच वाढवले."

त्यांनी एक पोतं ओढलं आणि बसले. "वहिनी, मादी नुसती उलटली तर कितव्या दिवशी उलटते?"

"इकविसाव्या."

"आणि ह्या बघा. एकतीस, चौतीस, तेहेतीस, अडतीस. एकही एकवीस नाही. म्हणजे गाभ राहिला होता. सगळ्यांना राहिला होता. नंतर आतल्या आत विरला. ज्या दोघी व्याल्या, त्यांची पिल्लं कशी होती?"

"तीन आन् चार जिती. बाकी काळी, वाळल्याली. येक तर बोटायेवढंच हुतं," आत्या म्हणाली. "वहीत लिव्हलंय, काळी."

मला रंगाचा रकाना आठवला.

डॉक्टरांनी मग सावकाश समजावलं. एक विषाणू असतो, तो आईला काहीच करत नाही. ताप नाही, खोकला नाही, खाणं कमी नाही. तो फक्त पोटातल्या पिल्लांना गाठतो. लवकर गाठलं तर पिल्लं विरून जातात आणि मादी उशिरा उलटते, मागाहून गाठलं तर ती आत वाळतात. जुन्या माद्यांना तो कधीच होऊन गेलेला असतो, म्हणून त्या ठणठणीत राहतात. पहिलटकरणी सापडतात.

"म्हंजी ह्या वांझ न्हाईत?" आत्यानं विचारलं.

"वांझ? त्यांना तो आता परत होत नाही. शेडमधल्या भरवशाच्या ह्याच समजा. मी रक्त नेतो तपासायला, पण मला फारशी शंका नाही. पुढच्या वेळी नव्या माद्यांना लस टोचू, आणि नर दाखवायच्या आधी महिना-दीड महिना त्यांना जुन्यांच्या शेजारी ठेवा. काय व्हायचं ते आधीच होऊन जाऊ दे."

"म्हंजी सासूचा ताप लगनाच्या आदीच काढायचा," आत्या म्हणाली.

"तसंच समजा."

मामा एवढा वेळ खांबाला टेकून उभे होते. "आन् परत न्हाई ऱ्हायलं तर? चार म्हैने फुकट खाऊ घालायचं ह्यास्नी?"

"एकदाच बघा," डॉक्टर म्हणाले. "नाही राहिलं, तर गाडी काय, कधीही येईल."

"येकदाच," मामा म्हणाले, आणि ते आत्याला उद्देशून होतं.

आठवड्यानं रक्ताचा निकाल आला, तोच रोग निघाला. त्याच महिन्यात नऊ जणींना पुन्हा नर दाखवला. व्यालेल्या दोघींची वेळ पिल्लं दुधावरून तोडल्यावर आली. मी दौंडला परतायचं पुढे ढकललं. फाइल नव्यानं करायची होती, हे कारण खरंच होतं. रकान्यांची नावं या वेळी आत्याला विचारून मराठीतच घातली. माझ्या लॅपटॉपवर मराठीत टाइप केलेला पहिला शब्द "फळवली" हा होता.

खरा घोर एकविसाव्या दिवसाचा नव्हता, त्यानंतरचा होता. रोज सकाळी मामा नराला मधल्या बोळातून फिरवत आणि मी मागून एकेक खण बघत जायची. मादी परत माजावर आली असेल तर कान ताठ करून खांबासारखी उभी राहते आणि पाठीवर दाब दिला तरी हलत नाही. तो दाब द्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी दोन बोटांनी दाबलं.

"दार वाजवतीस का काय?" आत्या म्हणाली. "हात टाक की चांगला!"

आठवड्याभरात मी दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबायला लागले. मादी चिडून पुढे पळाली की मला इतका आनंद व्हायचा, की कुणी बघत नाही ना हे पाहून मी तिला थँक्यू म्हणायची. तिसाव्या दिवसानंतर कुणी मोठ्यानं आकडा बोलेना. चौतिसाव्या दिवशी दोन नंबर कान ताठ करून उभी राहिली. मी दाबलं, ती हलली नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. मामांनीही पाहिलं. त्या दिवशी जेवताना आत्यानं भाकरी अर्धीच खाल्ली. दोन नंबर पुढेही गाभण राहिली नाही. शेवटी ती गाडीत गेली, आणि तिला चढवताना आत्या मळ्यात काहीतरी आणायला गेली होती.

बाकीच्या आठ जणी मात्र पळत राहिल्या. चाळीस झाले, पन्नास झाले. पोटं खाली उतरायला लागली. बांधावरून आप्पाही चौकशी करायला लागले. उपरणं नाकालाच होतं, पण थांबायचे. "सूनबाई, काय म्हंत्यात तुमच्या पहिलटकरनी?"

"डोहाळजेवान हाय आप्पा. या."

तरी पोट दिसतं म्हणजे आत जिवंत आहेत असं नव्हे. आधीच्या दोघींचंही पोट दिसलं होतं. हे आत्याला माहीत होतं, मामांना माहीत होतं, त्यामुळे जुलैत सात नंबरच्या सडांना दूध उतरलं, तेव्हा घरात कुणी आनंदाचं काही बोललं नाही. आत्यानं खण धुतला, कोरडी पोती टाकली. सात नंबरनं ती तोंडानं ओढून कोपऱ्यात रचली, मोडली, परत रचली आणि आडवी झाली. सकाळचे अकरा वाजले होते. मामा मोटरकडे बघून येतो म्हणून बाहेर गेले. मोटर शेडच्या भिंतीला लागूनच आहे.

पहिलं पिल्लू एकदम आलं, ओलं, गुलाबी. आत्यानं नाक-तोंड पुसून माझ्या हातात दिलं. ते फडक्यात इतक्या जोरात ओरडलं, की मी दचकून जवळजवळ टाकलंच.

"किती?" भिंतीपलीकडून मामा.

"येक."

"जितं?"

"कान हायेत का न्हाईत तुमाला? वरडतंय की!"

दुसरं आलं, तिसरं आलं. प्रत्येक वेळी सात नंबरची शेपटी हलली की मी वाकून बघायची, कारण काळं येणार असेल तर ते आता येईल असं वाटायचं. चौथं आलं. पाचवं आलं आणि हललं नाही. ते काळं नव्हतं, वाळलेलं नव्हतं, पुरतं वाढलेलं होतं, नुसतं गप्प होतं. आत्यानं त्याच्या नाकातलं बोटानं काढलं, मागचे पाय धरून उलटं केलं, छाती चोळली. मग थकून माझ्याकडे दिलं. "चोळ. थांबू नगंस." मी चोळत राहिले. मनात काही नव्हतं, फक्त फडकं वर-खाली होत होतं. बऱ्याच वेळानं ते शिंकलं. इतकी छोटी शिंक मी कधी ऐकली नव्हती.

"किती?"

"पाच! पाच!" हे मी ओरडले. माझा आवाज मलाच नवा होता. मामांनी मला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

नवव्याला ते मोटर सोडून आत आले. दहाव्याला त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. अकरावं त्यांनी स्वतः पुसलं आणि सडाला लावलं. ते सुटून घसरायचं, मामा परत लावायचे. "धर रं बाबा, धर. हितं, हितं हाय," असं त्याच्याशी बोलत होते. बारा झाल्यावर सात नंबर शांत पडली. तिच्या पोटाशी दोन ओळींत बारा जण एकाच आवाजात पीत होते.

मग पिल्लांमागचा जार, म्हणजे वार, पडला. आत्या काठी घेऊन त्याच्याशी बसली आणि एकेक पदर उलगडून बघायला लागली. आम्ही दोघं तिच्या मागे उभे होतो. तिला घाई नव्हती. शेवटच्या टोकापर्यंत तिनं नीट पाहिलं आणि काठी बाजूला ठेवली.

"येक बी काळं न्हाई," ती म्हणाली.

मामा पिल्लं मोजत होते. मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

शेजारच्या खणात चार नंबरनं तोंडानं पोतं ओढायला सुरुवात केली होती. आत्या गुडघ्यांवर हात ठेवून उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल, तिचं पानी बदल. आन् कोरडी फडकी आन. ही आता कुनाची वाट बघायची न्हाई."